थाळीखालचे सतरा

मी घड्याळजीचा चिमटा बोलतोय.

भुवया कोरायचा किंवा चुलीवरचं पातेलं उतरवायचा चिमटा मी नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. माझी दोन टोकं इतकी बारीक होती की ती मिटली की मधून उजेडसुद्धा जात नसे. होती, म्हणतोय. आज एक टोक वाकडं आहे आणि दुसऱ्यावर गंज चढलाय. हे कुणापायी झालं ते मला पक्कं ठाऊक आहे. पोलाद तापतं, निवतं, पण विसरत नाही.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. पट्टी कापली, तापवली, तेलात बुडवली आणि शेवटी एका चष्मेवाल्या बाईनं मला दगडावर घासून घासून टोक आणलं. तिनं मला उजेडासमोर धरलं, एक डोळा मिटला, मान हलवली. माझ्या आधीचे दोघं तिनं भंगाराच्या डब्यात टाकले होते. मी वाचलो. कागदाच्या पाकिटात बसून बाजारात आलो आणि तिथून घड्याळजीच्या हातात.

दुकानात मी त्या हातात सव्वीस वर्षं काढली. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधे घुसवलेलं कपाटच ते. घड्याळजी डोळ्याला भिंग लावायचा, श्वास रोखायचा आणि माझ्या टोकात घड्याळाची केसाएवढी कमान, म्हणजे स्प्रिंग, धरून ती जागेवर बसवायचा. बंद पडलेलं घड्याळ चालू झालं की ते कानाशी नेऊन गिऱ्हाइकाला दिसणार नाही असा हसायचा. संध्याकाळी मला मऊ कापडानं पुसून वर तेलाचं बोट फिरवायचा. एक दिवस चुकला नाही.

मग लोकांनी घड्याळं बांधणं सोडलं. ज्यांनी सोडलं नाही, ते बिघडलं की नवं घेऊ लागले. एके दिवशी शटर खाली आलं ते आलंच.

घड्याळजी घरी येऊन खिडकीकडे पाठ करून बसला. तीन महिने. दाढी नाही, बोलणं नाही, तोंडावर माशी बसली तरी उडवणं नाही. त्याची बायको रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. रोज दोनशे आजाऱ्यांना जेवायला घालणारी बाई, पण घरातल्या या एका धडधाकट माणसाच्या घशाखाली तिला घास उतरवता येईना. अशात रुग्णालयाच्या दर्शनी दालनातली माशांची मोठी काचेची टाकी भंगारात निघाली. तिनं ती हातगाडीवर घालून घरी आणली आणि त्याच्यासमोर ठेवली.

"अहो, हिचा पंप बंद आहे," ती म्हणाली. "तुम्हाला दुरुस्त होत नसेल तर तसं सांगा, टाकून देते."

दुरुस्त होत नसेल! घड्याळजी उठला.

पंप चालू झाला. मग माशांच्या दुकानात जाऊन समुद्राचं मीठ आणलं, दिवे आणले, गाळणी आणली. आणि एका डबीतून आणला प्रवाळाचा एक केशरी तुकडा, अंगठ्याच्या नखाएवढा. दिसायला दगड, पण जिवंत. पाणी स्वच्छ आणि उजेड बेताचा मिळाला तर कडेकडेनं वाढत जातो. वर्षाला किती वाढला ते घड्याळजी काचेला पट्टी लावून मोजायचा. नऊ वर्षांत त्या नखाची दोन वीत रुंद थाळी झाली. केशरी, कडेला फिकट, मधे खोलगट.

"आमच्याकडे दोन थाळ्या आहेत," त्याची बायको सांगायची. "एका थाळीत जेवतात आणि दुसरीकडे बघत बसतात. पहिलीत काय वाढलंय, ते विचारलं तर सांगता येत नाही."

पण ती हे कौतुकानंच सांगायची. नवरा तिला परत मिळाला होता तो त्या थाळीमुळेच.

मी तेव्हा सुखात होतो. टाकीच्या पंपाचे बारीक स्क्रू, शेजाऱ्यांची एखाददुसरी जुनी घड्याळं, एवढंच काम. खाऱ्या पाण्यात मला कधी बुडवलं नाही. त्यासाठी प्लास्टिकचा एक लांब चिमटा होता. त्याचं माझं बोलणं नव्हतं.

आता साडूबद्दल सांगायला हवं. घड्याळजीच्या बायकोची एक धाकटी बहीण. तिच्या नवऱ्याचं नळांचं आणि न्हाणीघराच्या सामानाचं मोठं दुकान. घड्याळजी पाठीमागे त्याला नळराजा म्हणायचा. समोर मात्र दोघंही एकमेकांना साडूभाऊ म्हणायचे. साडूचं साडूशी मनापासून पटलंय, असं कुणी ऐकलंय का? पोटात एक, ओठात एक.

नळराजानं ती केशरी थाळी पाहिली आणि महिन्याभरात आपल्या दुकानाच्या मधोमध तिप्पट मोठी टाकी बसवली. निळे दिवे, महागडे प्रवाळ, टाकी पुसायला वेगळा माणूस. तरी सगळे नातेवाईक जमले की विषय घड्याळजीच्या थाळीचा. "काय वाढवलीय हो! नखाएवढी होती म्हणे!" नळराजा हसायचा, पण त्याचे डोळे हसायचे नाहीत. मी कपाटावरच्या डबीतून बघत होतो.

घड्याळजीच्या साठाव्या वाढदिवसाला नळराजा पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन आला. आत जांभळ्या प्रवाळाचा एक तुकडा.

"साडूभाऊ, फूल ना फुलाची पाकळी," तो म्हणाला. "तुमच्या थाळीच्याच जातीचा आहे. शेजारी लावा, शोभेल."

घड्याळजी विरघळला. सव्वीस वर्षांत ज्या माणसानं एकही घड्याळ मागचं झाकण उघडल्याशिवाय हातात घेतलं नाही, त्यानं तो तुकडा उलटासुद्धा केला नाही. आप्तानं दिलेली भेट, तिची तपासणी कसली करायची! त्याच संध्याकाळी त्यानं तो थाळीच्या शेजारी चिकटवला.

पाच आठवड्यांनी थाळीच्या कडेला पांढरा डाग दिसला. मग दुसरा. केशरी रंग जणू कुणी खालून कुरतडत होतं. घड्याळजीनं पाणी तपासलं, दिवे खालीवर केले, मीठ मोजलं. डाग वाढतच गेले. तोवर जांभळा तुकडा तर पांढराफटक पडला होता.

शेवटी एका दुपारी त्यानं थाळी बुंध्यापासून मोडून बाहेर काढली आणि परातीत उलटी ठेवली. भिंग लावलं.

थाळीच्या पोटाला ते चिकटले होते. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे, पाठीवर पिसांसारख्या झालरी. शंख नसलेल्या गोगलगायीच म्हणा. दिसायला गोंडस, आणि तोंडं मात्र जिवंत मांसात रुतलेली. जिथे मेलेला पांढरा भाग संपून केशरी सुरू होत होता, तिथे त्यांच्या अंड्यांचे मोत्यासारखे बारीक घोस.

घड्याळजीचा प्लास्टिकचा चिमटा तिथे काय करणार? त्याची टोकं म्हणजे शेंगदाणे. घड्याळजीनं हात लांबवला आणि मला उचललं.

पहिला किडा मी धरला तेव्हा मला किळस आली. दुसऱ्याच्या वेळी राग आला. दहाव्याला मला मजा वाटू लागली. खोटं कशाला बोलू? मी आयुष्यभर नाजूक गोष्टी न दुखावता उचलत आलो होतो. दाबायला मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी मी दाबलं. खारं पाणी माझ्या सांध्यात शिरलं, झोंबलं, तरी मी दाबत राहिलो.

त्यानं थाळी आयोडीनच्या पाण्यात बुडवली. लपलेले किडे गळून पडले. अंडी मात्र तशीच. औषधाला ती जुमानत नाहीत. एकेक घोस माझ्या टोकानं खरवडावा लागतो, आणि एक राहिला तरी आठवड्यात सगळं पहिल्यापासून.

त्याच आठवड्यात दोघी बहिणींचा फोन झाला. घड्याळजीच्या बायकोनं थाळीचं रडगाणं गायलं.

"पांढरे का गं, ताई? पिसांचे?" धाकटी पलीकडून म्हणाली. फोन मोठ्या आवाजावर होता. "अगं, आमच्याकडे हिवाळ्यात झाले होते की! सगळं खाल्लं मेल्यांनी. ह्यांनी टाकी रिकामी करून धुऊन काढली. आता नवीन आणलंय सगळं. तुला बोलले नाहीत का हे?"

"नाही," घड्याळजीची बायको म्हणाली.

तिनं फोन ठेवला. घड्याळजीचा वाढदिवस हिवाळा सरता सरताच होता. घड्याळजीला वेळेचा हिशेब कुणी शिकवायचा?

"नसेल हो त्यांना माहीत," ती म्हणाली. "चुकून आले असतील."

घड्याळजी भिंग पुसत राहिला. ताकास तूर लागू दिली नाही. पण त्या दिवसापासून त्यानं किडे मारणं थांबवलं. मी धरून आणायचो, आणि तो त्यांना खाऱ्या पाण्याच्या एका छोट्या बाटलीत सोडायचा. सोबत थाळीचा एक कपचा टाकला होता, खायला. मला आधी कळेना. शत्रूला जेवण? मग एकदा बाटली उजेडासमोर धरून तो पुटपुटला, "खा. पाहुणचार घ्या. तुम्हाला तुमच्या घरी पोचवायचंय."

तेव्हा मला कळलं, आणि माझ्या पोलादाला धार आल्यासारखं वाटलं.

बाटलीत सतरा झाले त्या दिवशी त्यानं इस्त्रीचा सदरा घातला. बाटली एका खिशात, मी दुसऱ्या खिशात. भर दुपारी आम्ही नळांच्या दुकानात पोचलो.

"या, या, साडूभाऊ! वाट कशी चुकलात?" नळराजानं खुर्ची दिली. टाकीत मधोमध एक नवी हिरवी थाळी होती, तळहाताएवढी. "कशी आहे? बघत राहा, तुमच्याहून मोठी करतो."

"करा की," घड्याळजी म्हणाला.

तेवढ्यात नवीन घर बांधणारं एक जोडपं आलं. बायकोला प्रत्येक नळ फिरवून बघायचा होता आणि नवऱ्याला त्यातला एकही आवडत नव्हता. नळराजा त्यांच्यामागे दुकानाच्या पार टोकाला गेला.

घड्याळजीनं बाही वर सारली. बाटली नुसती ओतली असती तर किडे पाण्याच्या झोतात वाहून गाळणीत गेले असते. म्हणून त्यानं मला काढलं. मी बाटलीत जायचो, एकाला अलगद धरायचो, टाकीत उतरायचो आणि हिरव्या थाळीच्या पोटाला नेऊन ठेवायचो. तो चिकटला, की परत वर. घड्याळजीनं श्वास रोखला होता, कमान बसवताना रोखायचा तसाच. सतरा वेळा. एकाही किड्याला इजा झाली नाही. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम ते. मला त्याची लाज वाटत नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "बाही ओली कशानं?"

"नळ बघत होतो."

"दुकानातल्या नळांना पाणी असतं?"

तो हात धुवायला निघून गेला. त्या दिवशी तो मला पुसायचा विसरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सकाळपर्यंत माझ्या टोकावर पहिला तांबडा ठिपका उमटला होता.

पुढचे दीड-दोन महिने आमची लढाई चालू राहिली. उरलेली केशरी थाळी त्यानं वेगळ्या लहान टाकीत ठेवली. दर पाचव्या दिवशी आयोडीन, भिंग आणि मी. मेलेला भाग करवतीनं कापून टाकला. मोठ्या टाकीत त्या जातीचं एकही प्रवाळ ठेवलं नाही, कारण हे किडे दुसरं काही खात नाहीत. तिथे राहिले होते ते उपाशी मेले. काचेवरून रांगत फिरायचे, शोधायचे, पातळ होत जायचे. घड्याळजी समोर स्टूल टाकून चहा प्यायचा आणि बघायचा. मीही बघायचो. एवढा गोड सूड मी पुन्हा पाहिलेला नाही. शेवटी थाळीचा तळहाताएवढा तुकडा उरला. दोन वीत रुंद होती ती.

मग एका रविवारी सकाळी दार वाजलं. नळराजा बादली घेऊन उभा. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली.

"साडूभाऊ, तुम्हीच वाचवा," तो म्हणाला. "माशांच्या दुकानात कुणाला काही कळत नाही. टाकीवाला म्हणतो, पाणी बदला. पाणी चारदा बदललं."

बादलीत हिरवी थाळी होती. निम्मी पांढरी झालेली. घड्याळजीनं ती परातीत उलटी ठेवली, डोळ्याचं भिंग काढलं आणि नळराजाच्या हातात दिलं.

"बघा."

नळराजा वाकला. बराच वेळ वाकलेलाच होता. "हे परत कुठून आले हो?" त्याचा आवाज रडवेला झाला. "एवढी धुतली होती टाकी. उकळतं पाणी ओतलं होतं. कुठून आले?"

घड्याळजीला गप्प बसता आलं असतं. कुणाला काही कळलं नसतं. पण ज्याच्यावर सूड उगवला त्याला तो कळलाच नाही, तर उगवून काय उपयोग? मला त्याच्या बोटांतून ते जाणवत होतं. त्यानं मला उचललं होतं.

"मी आणून सोडले," तो म्हणाला.

"काय?"

"तुमच्या दुकानात. त्या जोडप्याला तुम्ही नळ दाखवत होता तेव्हा. या चिमट्यानं. एकेक करून."

नळराजाच्या डोळ्यावरचं भिंग परातीत पडलं. "किती?"

"सतरा."

"सतरा!" नळराजा लालबुंद झाला. "सतरा? अहो, काही लाजलज्जा? मी दिलेल्या तुकड्यावर तर दोनच होते!"



आपण काय बोललो ते नळराजाला उशिरा कळलं. तो खुर्चीत बसला. रूमाल काढला, पण तोंड पुसलं नाही.

"म्हणजे दिसले होते तुम्हाला," घड्याळजी म्हणाला.

"दिसले होते." नळराजा जमिनीकडे बघून बोलत होता. "माझं सगळं गेलं होतं हो. एवढी महाग टाकी, आणि तो एक जांभळा तुकडा सोडून सगळं पांढरं. तिकडे तुमची थाळी, भंगारातल्या टाकीत, आणि जो तो तिचंच नाव घेतोय. वाटलं, माझ्या एकट्याचंच का जावं? मग वाटलं, तुमच्याकडे भिंग आहे, तुम्हाला दिसतीलच. आपल्यावर पाप नाही."

"मी भिंग लावलं नाही. तुम्ही दिलं होतं म्हणून लावलं नाही."

दारात घड्याळजीची बायको उभी होती. हातात दोन कप. तिनं सगळं ऐकलं होतं.

"छान," ती म्हणाली. "दोघांनी मिळून एकोणीस किडे पोसले आणि साठ वर्षांची अक्कल पाण्यात घातली. आता माझं ऐका. या भानगडीत आम्हा बहिणींचं बोलणं बंद झालं ना, तर दोन्ही टाक्या मी हातगाडीवर घालीन आणि नेऊन नदीत टाकीन."

तिनं कप ठेवले. कुणी उचलले नाहीत.

घड्याळजीनं हिरवी थाळी परत बादलीत ठेवली. मग मला उचललं, क्षणभर बोटांत फिरवलं आणि टेबलावरून नळराजाकडे सरकवलं.

"अंडी औषधानं मरत नाहीत. खरवडावी लागतात. हा घेऊन जा. आणि पुन्हा या घराची पायरी चढू नका."

असा मी दुसऱ्याच्या हाती गेलो. विकलो गेलो नाही, हरवलो नाही. फेकलो गेलो, आणि तेही शत्रूच्या अंगावर.

नळराजाचे हात म्हणजे पान्यासाठी केलेले हात. पहिल्याच दिवशी त्यानं मला दगडावर रेटलं आणि माझं एक टोक वाकवलं. पुसणं नाही, तेल नाही. मी ज्यांना हळुवार नेऊन ठेवलं होतं त्यांच्या पोरांना आणि नातवंडांना आता मीच चिरडत होतो. तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं.

नवलाची गोष्ट म्हणजे दर रविवारी सकाळी त्या दोघांचा फोन व्हायचा. बहिणी आपापसात बोलायच्या आणि मग फोन नवऱ्यांच्या हातात कोंबायच्या. नमस्कार नाही, खुशाली नाही.

"देठाशी पाहिलंत?"

"पाहिलं."

"उलटं करून?"

"उलटं करून."

"पाचव्या दिवशी पुन्हा." आणि फोन बंद. बोलणं तुटलेलं होतं, पण फोन चालू होता. माणसांचं हे मला कळत नाही. वैर धरायचं तर नीट धरावं.

आठव्या रविवारी घड्याळजीनं विचारलं, "काही दिसतंय?"

"नाही. तीन वेळा पाहिलं. एकही नाही."

 मग घड्याळजी म्हणाला, "माझी थाळी कडेनं वाढायला लागलीये. फिकट रेघ दिसतेय." आणि लगेच, "चिमटा पाठवून द्या."

नळराजानं माझ्याकडे पाहिलं. "नाही देणार," तो म्हणाला. "तुम्ही त्यानं पुढच्या वेळी काय आणून सोडाल, नेम नाही."

पलीकडून एक आवाज आला. खोकला असेल, हसू असेल. फोन बंद झाला.

तेव्हापासून मी इथे आहे. काचेच्या फळीवर, चकचकीत नळांच्या रांगेत. गिऱ्हाइकं मला उचलून बघतात आणि हे कुठल्या नळाचं, असं विचारतात. माझा सांधा आता कुरकुरतो. घड्याळजी पुन्हा मला हातात घेईल, याची आशा मी सोडली आहे. एवढंच मागणं आहे की, कुणी त्याच्याकडे जाणार असाल, तर त्याला म्हणावं, मी तुझ्यावर रुसलेलो नाही. तुझ्यासाठी मी ते सतरा पुन्हा वाहीन.

आणि एक गोष्ट फक्त तुम्हाला सांगतो. काल नळराजानं हिरवी थाळी तपासून परत टाकीत ठेवली तेव्हा मी त्याच्याच हातात होतो. तिच्या देठाच्या खाचेत, अगदी आत, मोत्यासारखा एक बारीक घोस होता. त्याला दिसला नाही. त्याच्याकडे भिंग नाही.

मला दिसला. त्याच्याशी मला बोलता येत नाही, हे खरं. पण आलं असतं, तरी मी सांगितलं नसतं.